गाडी दोन बोटं खाली

या महिन्याचं टपाल उघडलं आणि वाटलं, अख्खं नाशिक रबरी फुग्यांवर चालायला लागलं की काय! एरवी क्लच, ॲव्हरेज आणि एसीच्या तक्रारींनी पिशवी भरते. या वेळी सहा पत्रं सस्पेन्शनची, त्यातली बरीचशी गाडी खाली करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याबद्दल. म्हणून बाकीची पुढच्या अंकात घेतो. क्लचवाल्यांनी तोवर पेडलवरचा पाय काढून ठेवावा, निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील.

प्रश्न : काका, मी २६ वर्षांचा आहे, मला अरे-तुरेच करा. मुंबईहून जुनी जर्मन सेडान घेतली, चारही चाकांना एअर सस्पेन्शन. टायर आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं जातात, मला दोनच हवीत. मोबाइलवरून चालणारं लोअरिंग मॉड्यूल मागवलं आहे. फिटर म्हणतो, अर्ध्या तासाचं काम, वायरिंगचा कपलर (खटकन बसणारा जोड) काढायचा आणि लावायचा. महिन्यातून दोनदा कसारा घाटातून मुंबईला जातो. आधी काय तपासू? बसवल्यावर सेटिंग कसं करू?
— एक वाचक, गोविंदनगर

उत्तर : तुझा फिटर खोटं बोलत नाही. कपलर काढून लावायला अर्धा तासच लागतो. अंबडला माझ्या शेडमध्ये हेच काम दीड दिवस चालतं, आणि त्यातला पहिला दिवस मी मॉड्यूलचं खोकंसुद्धा उघडत नाही.

का ते सांगतो. तुझ्या गाडीत लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी बलून आहेत. कॉम्प्रेसर हवा देतो, ती कुठल्या चाकाला द्यायची आणि कुठून सोडायची ते व्हॉल्व्ह ब्लॉक सांभाळतो. गाडी किती उंच उभी आहे हे कळायला चाकांजवळ लेव्हल सेन्सर असतात. बॉडीला लावलेली काडेपेटीएवढी डबी, तिला बोटभर दांडा, आणि तो दांडा छोट्या लिंकने खालच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी हाताला, जोडलेला. चाक वर-खाली झालं की दांडा फिरतो आणि सिग्नल बदलतो. पुष्कळ गाड्यांत या सेन्सरला पाच व्होल्ट मिळतात आणि तो साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या मधला आकडा परत पाठवतो. त्यावरून कंट्रोल युनिट ठरवतं : हवा भर, हवा सोड, की गप्प बस.

आता माझ्याबरोबर रामकुंडावर ये. पावसाळ्यात आपण पूर कसा सांगतो? दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. समजा, गंगापूर धरणावरचा माणूस फक्त त्या मारुतीकडे बघून विसर्ग ठरवतो, आणि कुणीतरी रात्रीतून मारुती हातभर खाली सरकवला. पाणी होतं तेवढंच, पण कमरेऐवजी छातीला लागलेलं दिसणार. धरणावरचा माणूस घाईघाईने दरवाजे आवळणार आणि नदी खरोखरच उतरणार. लोअरिंग मॉड्यूल हेच करतं. सेन्सर आणि कंट्रोल युनिटच्या मध्ये बसून सांगतं, ‘गाडी तीन सेंटिमीटर जास्त वर गेलीय.’ युनिट बिचारं हवा सोडतं. त्याच्या लेखी गाडी कंपनीच्याच उंचीवर असते.

म्हणजे गाडी खाली जाते ती एका थापेवर. थापेला माझी हरकत नाही, मी स्वतः पैसे घेऊन ती बसवून देतो. पण त्याआधी सेन्सर खरं बोलतोय की नाही, हे माहीत पाहिजे. जुन्या गाडीत लिंकचा सांधा झिजलेला असतो, कुणीतरी लिंक वाकवलेली असते, एखाद्या बलूनच्या घडीत भेग असते. त्यावर मॉड्यूल चढवलं की नंतर दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून पहिला दिवस मोजण्याचा. सपाट फरशी शोध. नजरेला सपाट दिसते तेवढ्यावर जाऊ नकोस; गवंड्याकडून पाण्याची लेव्हल-नळी आण आणि चारही चाकांच्या जागा तपास. माझ्या शेडची फरशी डाव्या कोपऱ्यात अकरा मिलिमीटर उतरती आहे. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून मीच तशी करून घेतली आणि मग पस्तावलो. आता त्या चाकाखाली सरकवायला प्लायवूडचे तुकडे कापून ठेवलेत. गाडीत माणूस नको, डिकीत सामान नको, टायरची हवा बरोबर, दारं बंद, सस्पेन्शन नॉर्मलवर. मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोज. जमिनीपासून मोजलंस तर झिजलेला टायर तुला फसवेल. चारही आकडे मास्किंग टेपवर लिहून त्या त्या मडगार्डवर चिकटव. बोटांचा हिशोब मित्रांना सांगायला ठीक आहे. माझी दोन बोटं म्हणजे तुझी तीन.

गाडी रात्रभर तशीच राहू दे. सकाळी दार न उघडता परत मोज. दार उघडलं की बऱ्याच गाड्यांचं युनिट जागं होतं, उंची स्वतःच दुरुस्त करून टाकतं आणि रात्रीचा पुरावा गेला. एकच कोपरा उतरला असेल तर तिथला बलून, नळीचा जोड किंवा व्हॉल्व्ह गळतोय. साबणाचं पाणी ब्रशने लाव, बुडबुडे दिसतील. गळती निघाली तर मॉड्यूल खोक्यातच राहू दे आणि पैसे तिकडे घाल. गळक्या बलूनपायी कॉम्प्रेसर सारखा धावतो आणि शेवटी तोही जातो. त्याचं बिल पाहिलं की गाडीच्या आधी मालक खाली बसतो.

त्याच दिवशी स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड लिहून ठेव आणि लाइव्ह डेटात सगळ्या सेन्सरचे आकडे बघ. टेपवर डावं-उजवं सारखं आणि सेन्सरमध्ये मात्र मोठा फरक, असं दिसलं तर लिंक किंवा सेन्सर संशयित. हे सगळं करताना बॅटरीला चार्जर लावलेला असू दे. कॉम्प्रेसर करंट भरपूर ओढतो, आणि व्होल्टेज पडलं की स्कॅनर नाही नाही ते कोड दाखवतो.

बसवण्याबद्दल थोडक्यात. इग्निशन बंद कर, किल्ली घेऊन चहाला जा आणि अर्ध्या तासाने ये, तोवर गाडीतली युनिटं झोपतात. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. सस्पेन्शनचं युनिट कुठे असतं ते मॉडेलप्रमाणे बदलतं : कुठे डिकीच्या अस्तरामागे, कुठे ग्लोव्हबॉक्सच्या मागे, कुठे सीटखाली. आपल्याच मॉडेलचं, आपल्याच वर्षाचं वायरिंग डायग्राम समोर ठेव; वायरच्या रंगावर विसंबू नकोस. किटबरोबर कपलरला कपलर जुळणारं हार्नेस असेल तर फारच छान. वायर सोलून पिळ मारणारा फिटर दिसला तर गाडी घेऊन परत ये. ते वायरला टोचून बसणारे निळे जॉइंटही नकोत. दोन पावसाळ्यांत आतून हिरवे पडतात, आणि पाच व्होल्टच्या सिग्नलमध्ये एवढासा गंजसुद्धा गाडीला चुकीची उंची सांगतो. अर्थ कंपनीच्या अर्थ-पॉइंटलाच घे. मॉड्यूल स्टेपनीच्या खड्ड्यात टाकू नकोस, डिकीचं रबर म्हातारं झालं की पहिलं पाणी तिथेच साचतं. काही किटमध्ये बायपास कपलर येतो. मॉड्यूल काढून तो जोडला की गाडी पूर्वीसारखी. तो गाडीतच ठेव. घरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली वस्तू घाटात उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. एका गाडीला मॉड्यूल बसवून झालं होतं, लिंक बघायची म्हणून मी पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं आणि इग्निशन चालूच ठेवलं. चाक लोंबकळलं, दांडा खाली गेला. युनिटला वाटलं, हा कोपरा फार वर गेलाय. त्याने त्या बलूनमधली हवा सोडून दिली. मी जॅक उतरवला तर गाडी थांबायलाच तयार नाही. बसली ती सरळ माझ्या ट्रॉली-जॅकच्या दांड्यावर. खालच्या पट्टीला पोचा आला, डेंटिंग-पेंटिंग माझ्या खिशातून. त्या वेळी गाडीखाली मी नव्हतो, एवढंच नशीब. तेव्हा जॅक लावण्याआधी गाडीचा जॅक मोड चालू करायचा, तो नसेल तर इग्निशन बंद, आणि अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा असेल तर आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्याशिवाय नाही. हवेवर उभ्या असलेल्या गाडीचा भरवसा धरू नये.

आता सेटिंग. पहिलं सेटिंग शून्य. मॉड्यूल जोडलं, ॲपमध्ये सगळे आकडे शून्य ठेवले, गाडी चालू केली की टेपवरचे कालचे चार आकडे जसेच्या तसे आले पाहिजेत. आले नाहीत तर जोडणीत चूक आहे, पुढे जाऊ नकोस. आले तर एका वेळी थोडं खाली घे, समज दहा. हे दहा म्हणजे दहा मिलिमीटर असं मात्र धरू नकोस. सेन्सरचा दांडा आर्मला कुठे जोडलाय त्यावर ते ठरतं. चाक दहा हलतं तेव्हा आर्मची ती जागा पाच-सहाच हलते, आणि पुढचं गणित मागच्याला लागू पडत नाही. म्हणून दर वेळी टेप. आणि टेप लावण्याआधी गाडी शे-दोनशे मीटर चालवून आण. जागच्या जागी खाली केलेल्या गाडीचे टायर जमिनीला धरून बसतात, आर्म पूर्ण सुटत नाही आणि आकडा अर्धवट येतो. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं ॲपवर बोट फिरवत उभ्या गाडीचं सेटिंग करतात आणि सोमवारी फोन करतात, ‘सर, गाडी तिरकी दिसतेय.’

तिरकी दिसली तरी एकाच कोपऱ्याशी खेळत बसू नकोस. गाडी म्हणजे चौरंग. पुढच्या डाव्या पायाखालचा कागद काढलास तर मागच्या उजव्या पायावरही परिणाम होतो. आधी पुढचे दोन एकत्र, मग मागचे दोन एकत्र, आणि शेवटी राहिलेला डाव्या-उजव्याचा फरक. मी तो पाच मिलिमीटरच्या आत आणतो आणि थांबतो. त्याच्या पुढे गेलं की आपण फरशी दुरुस्त करतोय की गाडी, तेच कळेनासं होतं.

किती खाली, हा खरा प्रश्न. तुझ्या गाडीच्या पोटाखाली १३ सेंटिमीटर जागा आहे असं धरू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शिकेतला गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.८५ मीटर असेल तर पोट माथ्यावर असताना तुझी चारही चाकं गतिरोधकाच्या उतारावरच असतात, जमिनीपासून चारेक सेंटिमीटर वर. म्हणजे पोटाखालची सहाच सेंटिमीटर जागा खर्च होते. गाडी तीन सेंटिमीटर खाली केलीस तरी चार उरतात. पण तुझ्या कॉलनीतला गतिरोधक त्या मार्गदर्शिकेतला नाही, तो कुणाच्या तरी स्लॅबच्या उरलेल्या काँक्रीटचा आहे. हातभर रुंद, दहा सेंटिमीटर उंच. त्याच्यावर चाकं दोन्ही बाजूंना सपाट जमिनीवर, म्हणजे दहाच्या दहा गेले. १३ वजा ३ वजा १०. उत्तर ऑइल चेंबरला विचार.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे एअर सस्पेन्शन चार माणसं बसली तरी उंची टिकवतं, लोखंडी स्प्रिंगसारखं दबत नाही. पण घाटात वळणावर ब्रेक मारलास की नाक खाली जायचं ते जातंच, आणि खाली केलेल्या गाडीत बंपस्टॉपपर्यंतचं, म्हणजे चाक वर जाऊन शेवटच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंतचं, अंतर आधीच कमी असतं. शिवाय अनेक गाड्या हायवेवर वेग वाढला की स्वतःहून दीडेक सेंटिमीटर खाली जातात. तुझी थाप त्यात मिळवली जाते. म्हणजे घरी तीन आणि कसाऱ्याच्या अलीकडे साडेचार. वेगाप्रमाणे वेगळं सेटिंग देणारं मॉड्यूल असेल तर तिथला आकडा कमी ठेव.

मला विचारशील तर दोन मेमरी ठेव. कॉलनीत, गावात आणि सिंहस्थाच्या कामांसाठी उकरलेल्या रस्त्यांवर कंपनीची उंची. हायवेवर आणि पार्किंगमध्ये २० ते २५ मिलिमीटर खाली. तुझी दोन बोटं फोटोपुरती येतील, आणि फोटो उभ्या गाडीचाच काढतात.

सेटिंग पक्कं झालं की चार जणांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव आणि टायर आतल्या लायनरला घासतोय का ऐक. मग अलाइनमेंट, तीही तू जास्तीत जास्त वेळ ज्या उंचीवर चालवतोस त्या उंचीवर. गाडी खाली गेली की चाकांचे माथे आत झुकतात, टो (चाकांच्या तोंडाची दिशा) बदलतो आणि टायर आतल्या कडेने संपतो. बाहेरून बघणाऱ्याला नवाच वाटतो. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावून, गाडी लॉक करून अर्ध्या तासाने करंट बघ. पन्नास मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर मॉड्यूलचं ब्लूटूथ झोपत नाहीये, आणि चार दिवस गावाला गेलास की गाडीही उठणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे साधी हॅचबॅक आहे. असं मॉड्यूल तिला बसेल का? ॲपवरून गाडी खाली होताना बघायला फार मजा येते.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही बसणार. तुमच्या गाडीत लोखंडी स्प्रिंग आहे, तिला थापा मारता येत नाहीत. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याचा चहासुद्धा घेऊ नका.

प्रश्न : मॉड्यूल बसवलं तर आरटीओची अडचण येईल का? आणि विम्याचं काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : मी वायरमन आहे, वकील नाही, पण एवढं सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एका बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘बायपास कपलर लावला की मूळची गाडी’ हे ग्राहकाला सांगायला छान वाटतं, पण रस्त्यावर पकडलेल्या गाडीत तेव्हा काय बसवलेलं होतं तेच मोजतात. बसवण्याआधी पेठ रोडला आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘काही होत नाही’ म्हणणारा एजंट क्लेमच्या दिवशी फोन उचलत नाही.

प्रश्न : सर, वर्षभर मॉड्यूल वापरलं, मग विकून टाकलं. तेव्हापासून गाडी उंटासारखी उभी आहे, मागून तर फारच. रात्री समोरचे लोक डिपर मारतात. बलून बदलावे लागतील का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बलूनला हात लावू नका. मला एकच सांगा, मॉड्यूल गाडीत असताना कुणी सस्पेन्शनचं कॅलिब्रेशन केलं होतं का? केलंच असणार. सर्व्हिसला गाडी गेली, त्यांनी मडगार्ड मोजलं, गाडी खाली दिसली. त्यांनी कॉम्प्युटरला शिकवलं, ‘हा सिग्नल येतो तेव्हा गाडी तीन सेंटिमीटर खाली असते, वर घे.’ त्यांची चूक नाही, मध्ये डबा बसलाय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग तुम्ही डबा काढलात. थाप गेली, पण थापेवर केलेली दुरुस्ती राहिली.

उपाय सरळ आहे. सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजायचं, तुमच्या मॉडेलला कंपनीने दिलेली उंची स्कॅनरमध्ये घालून नव्याने कॅलिब्रेशन करायचं. तासाभराचं काम. हेडलाइटचंही कारण तेच : ऑटो-लेव्हलिंगचे दिवे गाडीची पुढची-मागची उंची बघून आपली मान हलवतात, आणि त्यांना शिकवलेली पातळीच खोटी आहे. कॅलिब्रेशन झाल्यावर गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. दिव्यावर सहसा टक्केवारी छापलेली असते. ती एक टक्का असेल तर भिंतीवरची प्रकाशाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. भिंतीवर खडूने खूण करा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका.

आणि ज्यांच्या गाडीत मॉड्यूल अजून आहे त्यांनी सर्व्हिसला जाताना ते शून्यावर तरी आणा, नाहीतर बायपास करा. जॉबकार्डवर तसं लिहायला लावा.

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी खाली बसलेली दिसते. इंजिन चालू केलं की मिनिटभरात वर येते. मेकॅनिक म्हणतो, चारही बलून गेले. मॉड्यूल वगैरे काही नाही.
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, तुमच्या गाडीलाही ती माहीत आहे. हवा थंड झाली की आकसते. संध्याकाळी ३० अंशांना उभी केलेली गाडी पहाटे ८ अंशांवर आली तर बलूनमधल्या हवेचं आकारमान सुमारे सात टक्क्यांनी घटतं. वजन तेवढंच, हवा आकसलेली, मग गाडी थोडी खाली बसणारच. चारही कोपरे सारखे, मिलिमीटरांत किंवा फार तर सेंटिमीटरभर उतरले असतील तर घाबरू नका, थंडीला द्राक्षं जास्त घाबरतात. एकच कोपरा उतरत असेल, किंवा चाक मडगार्डमध्ये शिरेपर्यंत गाडी बसत असेल, तर गळती आहे. ती थंडीत जास्त दिसते, कारण रबर कडक होतं आणि घडीतल्या भेगा उघडतात. चार बलून एकाच रात्री जात नाहीत. चारही कोपरे खूपच बसत असतील तर आधी व्हॉल्व्ह ब्लॉक तपासायला सांगा. संध्याकाळी आणि सकाळी असे आठ आकडे लिहा आणि मेकॅनिकसमोर ठेवा, त्याचा सूर बदलेल.

गाडी बसते म्हणून लाज वाटत असेल तर सांगतो : सिट्रोएनची १९५५ची डीएस, वायू आणि तेलावर तरंगणारी, इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसायची. ती तशीच बनवलेली होती, आणि लोक तिच्याकडे कौतुकाने बघत.

प्रश्न : आमच्या मोठ्या एसयूव्हीला एअर सस्पेन्शन आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गाडीत चढताना फार त्रास होतो. मुलगा म्हणतो, लोअरिंग मॉड्यूल बसवू, दार उघडलं की गाडी खाली येईल. हे सुरक्षित आहे का? पायऱ्या बसवाव्यात की मॉड्यूल?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, मॉड्यूलसाठी आलेल्या सगळ्या कारणांत मला हे सगळ्यांत पटलेलं कारण आहे. पण खरेदीच्या आधी गाडीचं पुस्तक वाचा. एअर सस्पेन्शनच्या बऱ्याच एसयूव्हींना बसण्या-उतरण्यासाठी खाली येण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते, साधारण चार-पाच सेंटिमीटरची. मेन्यूत कुठेतरी दडलेली असते आणि शोरूमवाला पंचवीस गोष्टी सांगताना नेमकी तीच विसरतो. ती असेल तर मॉड्यूलचे पैसे वाचले.

नसेल, तर आधी आईंना गाडीशेजारी उभं करा आणि सीटची कड त्यांच्या अंगाला कुठे लागते ते बघा. सीट बसण्याच्या भागाच्या जवळपास पातळीला आली की माणूस मागे सरकून बसतो, गुडघ्यावर भार येत नाही. त्याहून खाली गेली तर बसताना गुडघा जास्त वाकतो आणि उठताना सगळं वजन त्याच्यावर येतं. माझ्या सासूबाईंना ऑपरेशननंतर आमची ठेंगणी सेडान नकोशी झाली होती, शेजाऱ्यांची उंच गाडी मात्र आवडायची. तेव्हा खाली म्हणजे सोयीचं, असं धरून चालू नका. किती सेंटिमीटर हवेत ते आईंवरून ठरवा, मुलाच्या ॲपवरून नाही. डॉक्टरांनी गुडघा किती वाकवायला परवानगी दिली आहे तेही विचारून घ्या.

दार उघडल्यावर गाडी खाली येण्याचं सेटिंग मला नको वाटतं. फुटपाथलगत उभ्या गाडीचं दार उघडलं तर त्याची खालची कड फुटपाथच्या वर असते. त्यानंतर गाडी खाली आली तर दार फुटपाथवर टेकतं आणि गाडीचं वजन बिजागऱ्यांवर येतं. काही गाड्या दार उघडं असताना हालचाल थांबवतात, काही नाही. त्यापेक्षा गाडी थांबली की दार बंद असतानाच बटणाने खाली घ्या, पूर्ण थांबू द्या, मग दार उघडा. मुलाला सांगा, आधी खाली वाकून बघायचं, दाराखाली फुटपाथ, दगड किंवा कुणाचा पाय तर नाही ना. आई बसल्या, दार लागलं, की परत नॉर्मल. खाली येताना गाडी नुसती हवा सोडते, वर जाताना कॉम्प्रेसरला ती भरावी लागते. दिवसाला दोन-चार वेळा चालेल. कौतुकाने पाहुण्यांना दाखवत बसलात तर तो लवकर थकेल.

आणि त्यांचं बसणं-उतरणं ठरलेल्या ठिकाणीच असेल, घर आणि दवाखाना, तर कुठलाही खर्च करण्याआधी एक महिना डिकीत पाट ठेवून बघा. जाड, रुंद, खाली रबर लावलेला, आणि आईंनी स्वतः त्यावर उभं राहून पसंत केलेला.